रेट वाढलाय, पण गॅरंटीचे तास किती?

ताई, तुमचा मुलगा फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट, कंपनीने नवीन कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर टाकलंय, तासाचा रेट वाढवलाय, आठ दिवसांत ॲक्सेप्ट करा म्हणतात आणि युनियनवाले म्हणतात थांबा. वर घरात मिस्टर विचारतायत की लाखांत पगार घेणाऱ्यांना युनियन हवी कशाला. मी बावीस वर्षं विमान उडवलं, त्यातली सहा वर्षं युनियनच्या कमिटीत होतो, आता वर्तकनगरला घरी बसून पोरांची कॉन्ट्रॅक्टं वाचून देतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आज बटण दाबू नका म्हणावं. आणि रेट सोडा, आधी गॅरंटीचे तास किती ते बघा.

पायलटचा बराचसा पगार ब्लॉक अवर्सवर असतो, म्हणजे विमान जागेवरून हललं की मीटर सुरू, उतरून पुन्हा जागेवर थांबलं की बंद. रिक्षासारखंच, फक्त रिक्षावाल्याला वेटिंगचे पैसे मिळतात. तुमच्या ऐरोलीतून पोरगा रात्री अडीचला पिकअपच्या गाडीत बसतो, मुंबई विमानतळाच्या टी-टूला पोचतो, विमानच दोन तास लेट, ते दोन तास ड्युटीत धरतात पण तासाच्या पैशात शून्य. स्टँडबायला, म्हणजे बोलावलं की लगेच निघायचं अशा दिवशी, इस्त्रीचा युनिफॉर्म हँगरवर आणि फोन उशाशी, आंघोळीलाही फोन आत नेतात पोरं! म्हणून गॅरंटी लागते, की उडलास न उडलास, इतक्या तासांचे पैसे नक्की.

आता हिशोब बघा, आकडे समजायला घेतलेत. जुना रेट 5000, गॅरंटी 70 तास, म्हणजे साडेतीन लाख पक्के. नवीन रेट 6000, गॅरंटी 40, पक्के फक्त दोन लाख चाळीस हजार. महिन्यात 75 तास उडला तर नवीनमध्ये जास्तच मिळतील, एचआरवाले स्लाइडवर नेमका तोच महिना दाखवतात. पण 2023 च्या मे महिन्यात गो फर्स्ट एअरलाइन बंद पडली तेव्हा त्यांची निम्मी विमानं इंजिनांअभावी जमिनीवर होती, त्यात पायलटची काय चूक? अशा महिन्यात सीपीएल (पायलटचं लायसन्स) आणि टाइप रेटिंगच्या (ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगच्या) कर्जाचा हप्ता थांबतो का?

हे काही नवीन नाही. एअर इंडियात 2023 ला 40 तासांच्या गॅरंटीवरून पायलटांच्या दोन्ही युनियन अडून बसल्या होत्या, आणि विस्तारा एअरलाइनमध्ये एप्रिल 2024 मध्ये 70 चे 40 झाल्यावर इतके पायलट आजारी पडले की कंपनीला रोजच्या फ्लाइट्स कमी कराव्या लागल्या.

त्यावरून एक सांगतो, त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी 'सगळे सिक टाका' म्हणत असेल तर त्याने लांब राहावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड हा कामगार कायदा लागू झालाय, त्यात निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल लीव्ह टाकली तर तो संप धरतात, आणि संपाला आधी 14 दिवसांची नोटीस लागते. पायलट कामगार धरायचा की नाही यावरच वाद घालणारे वकील आहेत, त्यात तुमचं पोर कशाला अडकवायचं. लढायचं ते युनियनच्या लेटरहेडवर.

मिस्टरांना सांगा, अमेरिकेत डेल्टा एअरलाइनच्या पायलटना 2023 मध्ये चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ मिळाली ती एकही दिवस संप न करता. तिथल्या कायद्यात नवीन करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो, संपाच्या बाजूने मतदान घेऊन ठेवतात आणि टेबलावर बसतात. आपल्याकडे एकेकाच्या लॉगिनवर वेगळं बटण येतं, मग एकटा पोरगा काय बार्गेन करणार हो? माझ्या जुन्या कंपनीत असंच झालं, मी भीतीने पहिल्याच दिवशी सही केली आणि पुढच्या महिन्यात ज्युनियर लोकांनी एकत्र बसून गॅरंटी वाढवून घेतली, ती मला नंतर चार महिन्यांनी लागू झाली. अजून आठवलं की राग येतो, कंपनीचा कमी, स्वतःचा जास्त.

सोडून दुसरीकडे जाईन म्हणत असेल तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) नियमात को-पायलटला सहा महिने, कमांडरला वर्षभराची नोटीस आहे, आणि बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं कंपनी न सोडण्याचा करार, असेल तर तोही बघावा लागेल.

त्याला म्हणावं पहिलं पान नको पाठवू, तिथे फक्त अभिनंदन असतं. मागचं ॲनेक्सर पाठव, गॅरंटी, लेओव्हरचा (बाहेरगावच्या मुक्कामाचा) भत्ता, स्टँडबायचा रेट आणि 'कंपनी वेळोवेळी बदल करू शकेल' हे वाक्य असेल त्या पानाचा फोटो, नाव आणि एम्प्लॉयी नंबर झाकून. रविवारी सकाळी बघतो, शनिवारी नातवाचा वाढदिवस आहे.