पात्रता सारखी असूनही व्यवस्थापनाच्या वरच्या पदांवर स्त्रिया कमी का दिसतात?

या प्रश्नाला बहुधा ‘काचेचे छत’, म्हणजे स्त्रियांना सर्वोच्च पदांपर्यंत पोहोचू न देणारा अदृश्य अडथळा, हे उत्तर दिले जाते. माझ्या मते मात्र खरी गळती त्याच्या बरीच आधी, शिडीच्या पहिल्याच पायरीवर सुरू होते. अमेरिकी कंपन्यांविषयीच्या मॅकिन्झी ही व्यवस्थापन सल्लागार कंपनी आणि लीन इन ही नोकरदार स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, व्यवस्थापकपदी पहिली बढती मिळालेल्या दर १०० पुरुषांमागे स्त्रिया ८१ होत्या. ही तूट पुढे सहसा भरून निघत नाही, कारण वरच्या पदांसाठीची निवड मुख्यतः याच व्यवस्थापकांमधून होते.

दुसरे कारण कामाच्या रचनेत आहे. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, वेळी-अवेळी उपलब्ध राहणाऱ्यालाच जास्त मोबदला देणाऱ्या नोकऱ्यांमध्ये, विशेषतः मूल झाल्यानंतर, स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर वाढत जाते.

राखीव जागांचा उपाय अर्धाच ठरतो. नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर नेले, परंतु खालच्या व्यवस्थापनात त्याचा परिणाम फारसा झिरपला नाही. त्यामुळे पहिल्या बढतीचे निकष लेखी आणि सर्वांना ठाऊक असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.