स्टुटगार्टला निघण्याआधी, एका पुणेकर आईला

जय ख्रिस्त. तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. नवऱ्याची स्टुटगार्टची नोकरी नक्की झालीय, जूनमध्ये निघायचंय, मोठी सात वर्षांची आणि धाकटा चारचा. तिकडे सासूबाई नसतील, संडे स्कूल नसेल, कामाला बाई नसेल. मग मुलांना विश्वासात वाढवायचं कसं आणि घर चालवायचं कसं, असं विचारलंस. नऊ वर्षांपूर्वी मी हेच दोन प्रश्न घेऊन इथे उतरले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागदाचं, कारण त्याला मुदत आहे. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं. त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्या नोंदणीत धर्म विचारतात. 'एव्हांगेलिश' (प्रोटेस्टंट) किंवा 'काथोलिश' (कॅथलिक) लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो. आपल्या या राज्यात, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, तो आयकराच्या ८ टक्के असतो. पगाराच्या नव्हे, आयकराच्या: महिन्याला ५०० युरो आयकर बसत असेल तर साधारण ४० युरो. हे माहीत नसलं की पहिली पगाराची पावती बघून धक्का बसतो. काहीजण कर वाचवायला तो रकाना रिकामा सोडतात. मला ते जमलं नाही. जिथे माझ्या मुलांचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याचा विधी, व्हायचं, तिथल्या खर्चात आपलाही हात असावा असं मला वाटतं. तुम्ही एखाद्या स्वतंत्र मंडळीत जाणार असाल तर गोष्ट वेगळी, त्या बहुतेक दानावर चालतात. नवरा-बायको बसून पुण्यातच ठरवा, काउंटरवर उभं राहून नको.

आता मुलांचं. मी गुरुवार पेठेत वाढले, पंचहौद मिशनच्या घंटा ऐकत. तिथलं पवित्र नाम देवालय १८८५ चं, पण माझ्यासाठी ते आजीच्या लुगड्याचा वास आणि थंड फरशी. मला प्रार्थना कुणी शिकवली, हे मला सांगताच येत नाही. दिवेलागणीला आजी गीत सुरू करायची, शेजारच्या काकू येऊन बसायच्या, नाताळात कॅरल पार्टी दारात यायची. शिकवायचं काम अख्खी गल्ली करत होती. इथे आल्यावर ती गल्ली गेली, आणि तिची जागा चर्च भरून काढेल या भरवशावर मी पहिलं वर्ष घालवलं.

चर्चने त्याचं काम केलं. रविवारी मुलांची वेगळी उपासना असते, शाळेत धर्माचा तास असतो, कित्येक बालवाड्या चर्चच चालवतात. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस येतो, मुलं स्वतः केलेले कंदील घेऊन अंधारात मिरवणुकीनं निघतात, आणि आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला देणाऱ्या त्या सैनिकाची गोष्ट ऐकतात. तुझ्या मुलांना हे सगळं मनापासून घेऊ दे. पण वर्षभरानं माझी लेक प्रभूची प्रार्थना फक्त जर्मनमध्ये म्हणायला लागली आणि मराठीत म्हण म्हटलं की ओठ घट्ट मिटून बसायची. मी रागावले. रोज रागावले. प्रार्थनेच्या वेळेला घरात भांडण, यापेक्षा वाईट काय असेल! ती माझी मोठी चूक.

सुटका एका पत्र्याच्या डब्यानं केली. त्यात मी पुण्यातल्या माणसांचे फोटो टाकले: आजी-आजोबा, आत्या, पाळकसाहेब, आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका, माझी शाळेतली मैत्रीण. रोज रात्री एकानं डोळे मिटून एक फोटो काढायचा आणि त्या माणसासाठी दोन वाक्यं प्रार्थना करायची. त्या माणसांशी ती मराठीतच बोलत आली होती, त्यामुळे त्यांच्यासाठी देवाशीही आपोआप मराठीत बोलायला लागली. वॉचमनकाकांच्या गुडघ्यासाठी तिनं केलेली प्रार्थना माझ्या अजून कानात आहे. धाकट्यासाठी तर हे आजपासूनच सुरू कर, पुण्यातच.

गीतांचंही असंच. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्याला ओवी-अभंगाच्या वळणाची गीतं दिली, ती मुलांच्या तोंडात लवकर बसतात. वाद्य नको, टाळ्या पुरतात. एक गीत महिनाभर, मग दुसरं.

इथल्या कायद्यानं चौदाव्या वर्षी मूल आपला धर्म स्वतः ठरवतं. तुझ्या लेकीकडे सात वर्षं आहेत. घाबरवायला सांगत नाही. त्या दिवशी तिला निवडता यावं म्हणून घरात काहीतरी ओळखीचं असायला हवं, एवढ्यासाठी सांगते.

घराबद्दल थोडक्यात. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी दूध-भाजी आणून ठेव. आम्हाला ते वरदानच ठरलं; रविवारी उपासना, जेवण आणि झोप, बाकी काही नाही. रोज संध्याकाळी पोळी-भाजीचा हट्ट मात्र सोड. इथले लोक रात्री ब्रेड, चीज, काकडी असं थंड खातात. आम्ही आठवड्यातले तीन दिवस तसंच करतो, आणि वाचलेला अर्धा तास त्या डब्याला देतो. बालवाडीचा अर्ज पुण्यातूनच भर. कायद्यानं वर्षावरच्या मुलाला जागेचा हक्क आहे, तरी रांग असतेच.

आजीसाठी शनिवारी सकाळी नऊची वेळ ठेव. हिवाळ्यात पुण्यात तेव्हा दीड वाजलेला असतो, उन्हाळ्यात साडेबारा. जेवणाच्या आगेमागे त्या निवांत असतात. फोनवर आजीनं मुलांना 'कसे आहात' एवढंच विचारून गप्प बसू नये. आजीलाच पवित्र शास्त्रातली एक गोष्ट सांगायला सांग, योसेफाची, रूथची, जी आठवेल ती. आमच्या आई तर आता शुक्रवारपासून तयारी करतात.

नाताळात सोऱ्या आणि करंजीचा साचा लागतोच, तो इथे शोधत बसू नकोस. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांत, इथे चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र करतात, दर रविवारी एक जास्त पेटवतात. आम्ही ते चक्र करंज्यांच्या ताटाशेजारी ठेवतो. सामानात मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र, उपासनेच्या गीतांचं पुस्तक आणि ते फोटो एवढं हँडबॅगेत घे, मोठ्या पेटीत नको. आमची पेटी आठ दिवस उशिरा आली होती, आणि त्या आठ रात्री आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.