मधली भिंत पाडू का?

प्रश्न : डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारचंच घर आम्ही घेतलं. सासूबाईही आता आमच्यासोबत राहतील. मधली भिंत पाडली तर चालेल का?

उत्तर : ताई, गवंड्याच्या शब्दावर घण घालू देऊ नका. कॉलम-बीमच्या इमारतीत मधली वीटभिंत बहुधा नुसता आडोसा असते. भारवाही बांधकामात मात्र तीच वरचे मजले पेलते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून लेखी दाखला घ्या, मग सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी.

माझ्या आईकडे आम्ही अख्खी भिंत पाडलीच नाही. वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) टाकून साडेतीन फुटी दार काढलं, तेवढं पुरलं. दोन्हीकडच्या फरशीची पातळी आधी मोजा. आमच्याकडे पाऊण इंचाचा फरक निघाला आणि आई तिथेच अडखळायची. शेवटी उतार करून घेतला. सासूबाईंची खोली बाथरूमजवळच ठेवा.