सरकारं एकत्र येऊन काही सुटतं का?

प्रश्न : हवामानबदलावर देशोदेशीची सरकारं नुसत्या परिषदा घेतात. त्यांच्या एकत्र येण्यानं जगाचं संकट कधी टळलं आहे का?

उत्तर : टळलं आहे. माझ्या दंडावर देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचल्याचा, रुपयाएवढा वण आहे. माझ्या मुलांच्या दंडावर तो नाही, कारण त्यांना गरजच उरली नाही. १९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवी निर्मूलनाची मोहीम तीव्र केली, तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून उभे होते. तरी लस मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत संघानं दिली आणि मोहिमेचं नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकी डॉक्टरानं केलं. टोकाशी दुभागलेली साधी सुई घेऊन माणसं दारोदार फिरली. रुग्ण सापडला की त्याच्या आसपासच्या सगळ्यांना लस. १९८० मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं.

आकाशातला ओझोनचा थर विरळ करणारे वायू बंद करण्यासाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल करारही फळला. त्यात गरीब देशांना जादा मुदत होती, पुढे निधीही मिळाला. हवामान बदलवणाऱ्या कोळसा-तेलाचं मात्र अवघड आहे, हे मान्य. ओझोनला मारक वायू मोजके कारखाने बनवत होते, पर्यायही हाताशी आले. कोळसा-तेलावर सगळा व्यवहारच चालतो. ते सोडायला गरीब देशांना मदत लागणार, म्हणून परिषदेच्या बातमीत मी आधी निधीचा आकडा शोधते.