१२ वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या सरावात शेवटी फार थकते. तिला कार्ब पावडर द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी शाळा सुटली की थेट सरावाला जाते, साडेतीन तास सराव करते आणि शेवटच्या तासात बीमवरून (तोल सांभाळत कसरत करायच्या अरुंद पट्टीवरून) सारखी पडते. कोणीतरी माल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे स्टार्चपासून बनवलेल्या कर्बोदकांची, पावडर सुचवली आहे. मी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते, त्यामुळे ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तिला कर्बोदकं हवीतच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पावडरीचा विचार करण्याआधी एक गोष्ट बघा: दुपारचं जेवण आणि सरावाची सुरुवात यांत किती वेळ जातो? चार-पाच तास जात असतील आणि मध्ये पोटात काहीच पडत नसेल, तर तिच्या थकव्याचं मोठं कारण तिथेच असण्याची शक्यता आहे.

बीमचं रूटीन जास्तीत जास्त ९० सेकंदांचं. एवढ्याशा वेळाला साखर कशाला लागते, असं पुष्कळ पालक विचारतात. एका रूटीनपुरतं बोलायचं तर स्नायूंत असलेल्या साठ्यावर ते सहज निभतं. सरावात मात्र तीच उडी, तेच वळण कितीतरी वेळा करावं लागतं, आणि त्याआधी वॉर्म-अप आणि बार्स, व्हॉल्ट, फ्लोअर या बाकीच्या उपकरणांवरचा सराव झालेला असतो. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, दर फेरीला थोडं थोडं खर्च होत जातं. शिवाय मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज आहे, आणि १० सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर सव्वा मीटर उंचीवर तोल सांभाळण्यात मेंदूचं काम पायांपेक्षा कमी नसतं.

थकवा आधी नजरेत दिसतो. बीमच्या टोकावर खिळलेली नजर सुटते, हात पूर्ण वर जाण्याआधीच मुलगी मागे झुकते, आणि पाऊल मध्यावर पडण्याऐवजी कडेवर पडतं. एरवी एकदा सांगितलेलं कळतं, ते आता दोनदा सांगावं लागतं. हाताला खडू लावण्यात उगाच वेळ जातो. अशा वेळी "लक्ष कुठे आहे तुझं?" म्हणून ओरडणारे प्रशिक्षक पाहिले की मला फार वाईट वाटतं. बीमवरून चुकीचं पडणं म्हणजे मनगट, घोटा किंवा त्याहून वाईट.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. दमवणाऱ्या वॉर्म-अपनंतर लहान जिम्नॅस्ट मुलींना बीमवर चढवलं. कर्बोदकांचं पेय घेतल्यावर त्या कमी वेळा पडल्या. गट अगदी छोटा होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण हॉलमध्ये रोज जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं.

आता तुम्ही काय करायचं? सरावाआधी तासभर काहीतरी हलकं द्या, जे पोटात जड होणार नाही. एक मध्यम केळं घेतलं तर त्यातून साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं मिळतात. सराव तासाभराहून लांबणार असेल तर सोबत पातळ गोड पेय द्या: अर्ध्या लिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ. हे सहा टक्क्यांचं पेय झालं, बाजारातल्या बहुतेक स्पोर्ट्‌स ड्रिंकएवढंच. दोन उपकरणांच्या मध्ये दोन-तीन घोट पुरे, वर थोडं साधं पाणी प्यावं म्हणजे दातांवर गोडवा राहत नाही. पावडर घातली तरी काम तेच होतं, फक्त ती कमी गोड लागते. घट्ट करून देऊ नका, उलटं लटकताना पोट ढवळतं. आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा काहीच देऊन बघायचं नाही.

यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. या खेळात मुली वजनाच्या धास्तीने गुपचूप कमी खातात, कधी प्रशिक्षकांच्या एका शेऱ्यामुळे. वाढत्या वयात दिवसभराचं खाणंच अपुरं असेल, तर बाटलीतली साखर ते भरून काढत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. दुखापती लवकर बऱ्या न होणं, हाडात बारीक तडे जाणं, उंची थांबणं, १५ वर्षं झाली तरी पाळी सुरू न होणं, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. सततच्या थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या, कारण लोहाची कमतरता मुलींमध्ये सर्रास असते. फार तहान, वारंवार लघवी आणि घटतं वजन असेल तर पेयाचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.

हे सगळं ठीक असेल तर दोन आठवडे सरावाआधीचं खाणं नियमित ठेवून बघा. दरम्यान प्रशिक्षकांना विचारा की बीमवरचे अवघड भाग सरावाच्या सुरुवातीच्या वेळात घेता येतील का, आणि शेवटचा तास लवचिकतेला किंवा जमिनीवरच्या सोप्या कामाला ठेवता येईल का. पालकांनी शांतपणे विचारलं तर बरेच प्रशिक्षक ऐकतात.