सिंगापूर-न्यूयॉर्क: किलोमीटर नंतर, आधी विमानतळाचा कोड बघा

तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं आठवलं. सिंगापूर-न्यूयॉर्क 15,300 किमी, ताशी 900 ने 17 तास व्हायला हवेत, मग तिकिटावर साडेअठराच्या वर का, आणि एजंटने बोस्टनचं पुढचं विमान साडेतीन तासांनी लावलंय ते मिळेल का, असंच ना?

पहिल्याचं पटकन सांगतो. ते किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर, विमान वारा आणि एअरस्पेस बघून जातं. 2022 मध्ये युरोपच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं तेव्हा हेलसिंकी-टोकियो साडेनऊवरून तेरा तासांच्या आसपास गेलं, विमानतळ दोन्ही होते तिथेच. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, धावपट्टीसाठी रांगेत थांबणं सगळं त्यात आलं. आणि सुटायची-पोचायची वेळ नुसती वजा करू नका, दोन्ही लोकल टाइम असतात, फरक हिवाळ्यात 13 तास, उन्हाळ्यात 12.

आता खरा घोळ. तुमचं पहिलं विमान जेएफके विमानतळावर उतरतंय आणि दुसरं नेवार्क विमानतळावरून सुटतंय, बघितलंत का? कोड नीट वाचा, जेएफके आणि ईडब्ल्यूआर (म्हणजे नेवार्क). एक न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात, दुसरं थेट शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, मधे अख्खं मॅनहॅटन आणि दोन नद्या. नकाशावर सरळ रेषेत तीसेक किमी, पण ट्रॅफिकमध्ये त्याचे दोन तास सहज होतात. माझ्या एजन्सीने हेच केलं होतं, वर दोन वेगळे पीएनआर, म्हणजे दोन वेगळी बुकिंग, आणि तोंडाने सांगितलं "बॅग थ्रू जाईल", म्हणजे थेट शेवटच्या विमानतळापर्यंत. अहो अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झाल्यावर बॅग सहसा स्वतः उचलून कस्टम्समधून काढावी लागते, एकच पीएनआर असला तरी! नेवार्कच्या काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की चेक-इन बंद झालंय, तुमचं आधीचं तिकीट आमच्या रेकॉर्डवर नाही, त्यामुळे तुम्ही नो-शो, म्हणजे वेळेत न आलेले प्रवासी. आणि नो-शो म्हटलं की त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही कॅन्सल. एजन्सीला फोन केला तर म्हणे "आमच्या सिस्टीममध्ये कनेक्शन व्हॅलिड दाखवतंय". एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर, दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. नवं तिकीट माझ्याच खिशातून. आजही डोकं फिरतं.

माझं मत, पटलं तर घ्या: एजंटला सांगून सगळं एकाच पीएनआरवर आणि एकाच विमानतळावरून करून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. मग पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर पुढे पोचवायची जबाबदारी सहसा विमान कंपनीची. ऐकत नसेल तर रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी निघा. मी काही ट्रॅव्हलवाला नाही, नियम कंपनीगणिक बदलतात, बुकिंगच्या अटी स्वतः वाचा.

अजून एक, अवांतर आहे, पण तुम्ही तिकिटाचा फोटो टाकलाय त्यात पीएनआर आणि आडनाव दोन्ही दिसतंय. तेवढ्यावर कोणीही बुकिंग उघडू शकतं, आधी तो काढा.