अण्णांना घरीच राहायचंय, पण रात्री कोण जागणार?

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे. कॅन्सर यकृतात पसरलाय, डॉक्टर म्हणाले, ‘घरी न्या, सेवा करा.’ अण्णा पूर्ण शुद्धीत आहेत, ‘नळ्या लावू नका, इथेच जाऊ द्या’ म्हणतात. खाणं जवळपास बंद, रात्रभर कण्हतात. बंगळूरचा भाऊ फोनवरून ‘आयसीयूत हलव, पैशाची काळजी करू नकोस’ म्हणतो. आत्या म्हणते, मी त्यांना उपाशी मारतेय. माझं चुकतंय का?
— एक लेक, सातारा

उत्तर : ताई, आत्यांचं बोलणं फार लागलेलं दिसतंय. पण या टप्प्यावर शरीरच अन्न नको म्हणतं. बळेबळे भरवलं तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जायचा. मागतील तेव्हा चमचाभर पेज द्या, एरवी ओल्या कापसाने ओठ भिजवत राहा. आत्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, तुमचं त्या ऐकायच्या नाहीत.

कण्हण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. ते सोसायचं कशासाठी? कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. दुखायची वाट न बघता, ठरल्या वेळी द्यायच्या, जोडीला पोट साफ व्हायचं औषध. ‘सवय लागेल’ ही भीती आता सोडा. साध्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत, म्हणून उद्याच पॅलिएटिव्ह, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना-त्रास कमी करणारे, डॉक्टर गाठा. घरी झेपेनासं झालं तर पुण्यात वारज्याला अशाच सेवेचं सिप्लाचं केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला १९८६ पासूनचं शांती अवेदना सदन. तिथे नेलंत म्हणून अण्णांना दिलेला शब्द मोडत नाही.

आयसीयूने हा कॅन्सर मागे फिरणार नाही. अण्णा शुद्धीत आहेत, तेव्हा शब्द त्यांचा. भावाचा नाही आणि तुमचाही नाही. तो आत्ताच लिहून घ्या : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अशा लेखी इच्छेला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. तरीही उपचार थांबवायचे तर रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं बसतात. रात्री दोनला श्वास लागला आणि कुणी घाबरून १०८ लावला, तर कागद कपाटात आणि अण्णा व्हेंटिलेटरवर, असं सहज होतं. तेव्हा आधी कुणाला फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.

भावाला पैसे द्यायचेच असतील तर रात्रीच्या मावशीचे देऊ देत. आणि आठवडाभर रजा टाकून यायला सांगा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, ते फोनवरून होत नाही.